आरसा किती हलला

रमजानचा महिना होता. दुपारची नमाज उरकून मी जरा आडवी होणार, तेवढ्यात गेटची कडी वाजली. बाहेर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील उभे होते. आटपाडीहून एसटीनं आले होते, न कळवता. हातात डाळिंबांची पिशवी, आणि चेहरा असा की मी आधी विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

"घरी बरं हाय," ते म्हणाले. "पोरीचं काय खरं दिसंना."

मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांची मुलगी अकरावी-बारावीला आमच्याच माडीवरच्या खोलीत राहिली होती. विषय तिचा फिजिक्स. मराठीत ती जेमतेम पास होत असे, पण माझ्या स्वयंपाकघरात बसून गप्पा मारायला तिला फार आवडायचं. पुढे ती शिकत शिकत परदेशात गेली आणि गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या एका मोठ्या यंत्रावर कामाला लागली. तिचे वडील लष्करात तोफखान्यात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गाव त्यांना हवालदारच म्हणतं. मीही मनात तेच म्हणते.

मी पाणी आणलं. "तुमचा रोजा हाय न्हवं? मग मलाबी नगं," म्हणून त्यांनी तांब्या बाजूला सारला. मी आग्रह केला तेव्हा एक घोट घेतला आणि थेट विचारलं, "बाई, पोरीची नोकरी जाणार हाय काय?"

"का हो भाऊ? असं कोण म्हणालं?"

"तीच म्हनली. फोनवर. म्हनली, अण्णा, एरर काय कमी हुईना. ती कमी झाल्याबिगर मला सुट्टी न्हाई. आता बगा, ही पोरगी रोज चुका करती, त्या रोज मोजती, आन् त्या कमी हुईनात. कोन ठिवून घील आसल्या मानसाला?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते आत गेलं. खरं म्हणजे त्यांना समजावून सांगण्याइतकं मलाच कळत होतं का, हा प्रश्न होता. काही आठवड्यांपूर्वी तिनं मला एक इंग्रजी मजकूर पाठवला होता. आटपाडीच्या शाळेत तिला आपल्या कामाबद्दल बोलायचं होतं आणि "बाई, याचं चांगलं मराठी करून द्या, माझं मराठी तुम्हाला माहीतच आहे," असं तिचं म्हणणं. मी मोठ्या उत्साहानं घेतलं आणि दुसऱ्याच ओळीत अडकले. कॅलिब्रेशन. कोशात शब्द मिळाला, अंशशोधन. मी तो लिहिला, वाचला आणि पुसला. कशाचा अंश, कुणी शोधायचा? आमच्या यांना विचारलं. यांचं आयुष्य मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेलं. ते म्हणाले, "मीटर बरोबर दाखवतोय का ते बघणं." मग मी सरळ लिहिलं, "यंत्र खरं सांगतं की नाही ते तपासणं." ते तिला पाठवलं तर तिचं उत्तर आलं, "बाई, यंत्र खोटं कधीच सांगत नाही. ते काय सांगतंय ते आपल्याला कळतं का, हे तपासायचं." यातला फरक मला तेव्हा कळला नाही, म्हणून शेवटी अंशशोधनच परत लिहून ठेवलं.

पण हवालदार वाट बघत बसले होते, म्हणून मला जे समजलं होतं तेवढं मी सांगायला घेतलं. जमिनीवर काटकोनात दोन लांबच लांब नळ्या आहेत. कित्येक किलोमीटर. आतली हवा काढून टाकलेली. टोकांना जड आरसे टांगलेत आणि त्यांच्यामध्ये लेसरचा उजेड ये-जा करतो. आकाशात फार फार लांब दोन मेलेले तारे एकमेकांवर आपटले की अवकाशच थरथरतं, आणि ती थरथर इथं पोचली की आरशांमधलं अंतर किंचित बदलतं. किती? तर अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी कमी.

"आन् ते दिसतं?"

"यंत्राला कळतं म्हणे."

"मग पोरगी काय करती?"

"आरसा खरंच किती हलला आणि यंत्र किती हलला म्हणतंय, याचा मेळ घालते."

 मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे झिरोइंग की! रायफल हातात आली की आदी झिरो करायची. नेम धरून गोळ्या मारायच्या, कुटं लागत्यात बगायचं, आन् साइट सरकवायची. तवा ती चूक नसती. रायफलच तशी आसती."

मला इतकं हायसं वाटलं! "अगदी तेच, भाऊ," मी म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ त्या समाधानात बसलो. मी तर उठून मजकुराच्या मार्जिनमध्ये 'झिरोइंग' असं लिहूनही ठेवलं. दोन न समजलेल्या माणसांचं एकमत झालं की ती समजल्यासारखीच वागतात.

हवालदारांना मी त्या दिवशी जाऊ दिलं नाही. संध्याकाळी इफ्तार आमच्याबरोबरच केला. खजूर, भजी, त्यांचीच डाळिंबं. मग यांनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळ होती. केस विंचरलेले नव्हते. वडिलांना आमच्या घरात बघून ती दचकलीच.

"अण्णा? तुमी बाईंकडं? का?"

"काय न्हाई. आलतो सांगलीला," हवालदार म्हणाले. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, तोफांमुळे. ते मान वळवून उजवा कान फोनकडे करून बसले होते, त्यामुळे पलीकडून तिला त्यांचं अर्धंच तोंड दिसत असणार. "मला समजलं तुजं काम. झिरोइंग हाय ते."

तिनं थोडा विचार केला. "न्हाई अण्णा. झिरोइंगला समोर टारगेट आसतंय. गोळी कुटं लागली ते दिसतंय. हितं टारगेटच दिसत न्हाई. तारे कुटं आपटले, किती लांब आपटले, तेच तर यंत्राला इचारायचं हाय."

मी मार्जिनमधला शब्द खोडला.

"मग आरसा हलला ते पारखता कशानं?" यांनी विचारलं.

"आम्ही स्वतःच हलवतो, चाचा. उजेडानं. आरशावर दुसरा एक लेसर सोडतो. उजेड आपटला की आरसा जरा ढकलला जातो. किती उजेड सोडला ते माहीत असलं की किती ढकलला गेला ते गणितानं कळतं. मग यंत्र काय म्हणतंय ते बघायचं."

"उजेडानं ढकलता?" हवालदारांनी आमच्या ट्यूबलाइटकडे बघितलं. मीही बघितलं.

"आणि किती उजेड सोडला ते कसं कळतं?" मी विचारलं.

"त्याला एक मोजणारं उपकरण आहे. आतून पांढरा असलेला एक पोकळ गोळा. तो आम्ही प्रमाण मापं ठेवणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवतो. त्यांच्याकडच्या उपकरणाशी ताडून परत आणतो."

"आणि त्यांचं उपकरण बरोबर कशावरून?"

ती हसली. "बाई, तुम्ही बारावीला असे प्रश्न विचारू द्यायचा नाहीत."

मग तिनं आमच्यासाठी एक सोपी वाट शोधली. माडीवरच्या खोलीत राहत असताना तिला पहाटे दोन अजान ऐकू यायच्या. एक गल्लीतल्या मशिदीची, ठणठणीत. दुसरी लांबची, बारीक. "दोन्हीकडचा आवाज मुळात सारखाच आहे असं धरलं, तर नुसत्या आवाजावरून सांगता येईल ना, की कुठली मशीद किती लांब? तारे आपटतात तेव्हा मुळात किती मोठा आवाज झाला असणार, ते आम्हाला लाटेच्या घाटावरून कळतं. इथं किती पोचला ते यंत्र सांगतं. त्यावरून अंतर. आणि ज्या आकाशगंगेत ते घडलं ती किती वेगानं लांब पळतेय हेही कळलं, की विश्व केवढ्या वेगानं पसरतंय ते मोजता येतं. पण कानच कमी ऐकत असेल तर?"

"तर समदं लांब वाटंल," हवालदार लगेच म्हणाले. "माज्यासारखं."

"व्हय अण्णा. तुमच्यासारखं."

इतका वेळ जे शब्दकोशात सापडलं नव्हतं ते मला त्या एका वाक्यात सापडल्यासारखं वाटलं. राहिली ती एरर. तिनं सांगितलं, ती चूक नव्हे. मी एकेक शब्द पुढे केला: त्रुटी, अनिश्चितता, तफावत. प्रत्येकाला ती मान हलवत नाही म्हणत होती. "बाई, आरसा एवढा हलला हे आम्ही सांगतो. पण अगदी एवढाच असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे."

"मागंपुढं," हवालदार म्हणाले.

"हां! मागंपुढं. ते कमी करायचंय. यंत्रातच शेकडा दोन-चारनं मागंपुढं असेल तर अंतरातही तेवढंच येणार. मग विश्वाचा वेगही तेवढाच ढिला."

मला वाटलं, झालं. वडिलांना कळलं, मला शब्द मिळाला, नोकरी जात नाही. मी निरोप घेण्याच्या सुरात आले होते. पण हवालदार फोनजवळ सरकले आणि म्हणाले, "त्ये समदं खरं. पर काल फोनवर तू रडलीस का?"

तिनं फोन बाजूला वळवला. पडद्यावर नुसती भिंत दिसू लागली.

मग ती हळूहळू बोलली. उजेडाखेरीज त्यांच्याकडे दुसरी एक रीत होती. आरशाजवळ वजनं बसवलेलं एक चाक फिरवायचं. वजनं जवळ आली की त्यांच्या नुसत्या ओढीनं आरसा हलतो. दोन्ही रीतींचं उत्तर एक यायला हवं. ते येत नव्हतं. फरक अगदी थोडा, पण यायला नको होता तेवढा. उजेडाचं काम तिच्याकडे होतं. महिनोन् महिने ती शोधत होती आणि कुठली रीत चुकतेय हेच तिला कळत नव्हतं. "मला कायबी कळंना झालंय अण्णा," ती म्हणाली. "समदे इचारत्यात, आन् मी निस्ती बगत बसती."

हवालदार म्हणाले, "जेवलीस का?"

तिकडे सकाळचे आठ वाजले होते. ती म्हणाली, "व्हय."

त्या रात्री मी विचार करत राहिले. ते चुकीचा शब्द घेऊन आले होते, मी त्यांना बरोबर शब्द देण्याच्या मागे लागले होते, आणि आमच्या दोघांत नक्की कोणाला काय समजलं होतं, ते मला सांगता येईना.

दिवाळीनंतर ती आली. पुण्याहून गाडीनं मलकापूरपर्यंत येणार होती. तिथं हायवेवर तिला घ्यायला आणि पुढे आटपाडीला सोडायला आम्ही गेलो. हे गाडी चालवत होते, मी पुढे, हवालदार मागे. ते आदल्या दिवशीच सांगलीला येऊन राहिले होते. ती उतरली. बारीक झाली होती. वडिलांच्या पाया पडली, माझ्या पडायला लागली तेव्हा मी तिला मिठीत घेतलं. मग मागच्या सीटवर बाप-लेक आणि मध्ये तिची सॅक.

विट्याच्या रस्त्याला लागेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू चाललो होतो. हवालदारांनी विचारलं, "मग, जुळलं का न्हाई?"

"जुळलं," ती म्हणाली.

मी मागे वळले. "अगं मग सांगितलं नाहीस! अभिनंदन!"

"बाई, मी काहीच केलं नाही," ती म्हणाली. "गोळा पुन्हा प्रयोगशाळेत पाठवला होता. परत आला. बसवला, मोजलं, आणि दोन्ही उत्तरं जुळली. त्यांच्या तपासणीत त्यात काही बिघाड निघाला नाही. आमच्याही नाही. आधी जुळत नव्हतं, आता जुळतंय."

"मग चांगलंच झालं की," हे म्हणाले. "आमच्या दुकानात मोटार आपोआप चालू झाली तर आम्ही गिऱ्हाइकाला लगेच बोलावतो."

"आणि दोन दिवसांनी ती परत येते, चाचा."

हे हसले, पण ती हसली नाही. "जुळत नव्हतं तवा निदान ठावं हुतं की कायतरी चुकतंय," ती वडिलांना म्हणाली. "आता तेबी ठावं न्हाई."

मला हे समजून घ्यायचं होतं. मी शिक्षिका, उत्तर जुळलं की आम्ही बरोबरची खूण करतो. उत्तर जुळल्यामुळे घाबरलेला विद्यार्थी मी कधी पाहिला नव्हता. विट्याच्या पुढे चढ लागला, गार वारा आत येऊ लागला. आटपाडीकडे आता कालव्याचं पाणी आलंय, मध्येच हिरवे तुकडे दिसतात, तरी माझे डोळे जुन्या सवयीनं माळच शोधत होते. मागे हवालदार खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिचं बोलणं झालं. माझं मराठी तिनं जवळजवळ सगळं वापरलं, फक्त अंशशोधन आलं तिथं थांबून म्हणाली, "हा बाईंचा शब्द, मला अजून जमत नाही." मुलं हसली. तिनं पडद्यावर नळ्या दाखवल्या, टांगलेले आरसे दाखवले, अजानचं उदाहरण दिलं आणि शेजारी देवळाच्या घंटेचंही जोडलं. छान रंगलं होतं. मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाई उठल्या. "मॅडम, मग शेवटी विश्व किती वेगानं पसरतंय, तो आकडा सांगा ना. मुलं लिहून घेतील."

मुलांनी पेनं उघडली.

ती म्हणाली, "दोन आकडे आहेत. फार जुन्या उजेडावरून मोजलं की एक येतो, जवळच्या ताऱ्यांवरून मोजलं की दुसरा. दोन्हीकडची माणसं हुशार आहेत आणि दोघांनी नीट तपासलंय."

"आणि तुमचा?"

"आमचा तिसरा रस्ता आहे. तो दोघांचा निवाडा करील अशी आशा आहे. पण आज आमचं मागंपुढं इतकं आहे, की दोन्ही आकडे त्यात आरामात बसतात. अशा टकरी आम्हाला अजून पुष्कळ ऐकायला हव्यात. त्या मिळत गेल्या की ते कमी होत जाईल, आणि मग सगळा भार माझ्या कामावर येईल. यंत्र शेकडा दोन-चारनं चुकवत असेल, तर कितीही टकरी ऐकल्या तरी उपयोग नाही."

विज्ञानाच्या बाई उभ्याच होत्या. "म्हणजे मुलांनी काय लिहायचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं.  इतक्या वर्षांत मी फळ्यावर असं काही लिहिलंच नव्हतं, ज्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "लिहा, अजून ठरलं नाही." अर्ध्या मुलांनी लिहिलं. बाकीच्यांनी पेनांची टोपणं लावली.

संध्याकाळी हवालदारांच्या अंगणात आम्ही चहाला बसलो होतो. तिची आई आत भाकरी थापत होती, मध्येच दारात येऊन लेकीकडे बघून जात होती. हवालदारांनी एकदम विचारलं, "तुजी सुट्टी किती?"

ती खाली बघत म्हणाली, "अण्णा, मी इचार करतीया. ह्ये काम सोडावं म्हंते. हितं कुटंतरी शिकवीन. विश्रामबागेत बाईंच्या कॉलेजातबी जागा निगत्यात."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. ती माडीवरची खोली, स्वयंपाकघरातल्या गप्पा, सगळं क्षणात डोळ्यांपुढे आलं. मी तोंड उघडणार तोच आतून तिची आई म्हणाली, "ये की बाई, लय झालं तिकडचं."

हवालदारांनी मात्र कप खाली ठेवला. "जुळलं ते पुन्यांदा मोजलंस का?"

"न्हाई. एकदाच मोजलं."

"एकदाच?"

"मग लगीच हिकडं आले."

"आवं, पर मोजायला नगं का?" आपल्याच मुलीला ते चुकून 'आवं' म्हणाले, एखाद्या अधिकाऱ्याशी बोलावं तसं. तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. ती म्हणाली, "भ्या वाटतंय अण्णा. परत जुळलं न्हाई तर एक, आन् जुळलं तर एक."

"त्ये मला समजत न्हाई," हवालदार म्हणाले. "खरंच न्हाई समजत. पर तू मोजून ये. मग काय करायचं ते कर."

आतून तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला. तिची आई पुन्हा बाहेर आली नाही. मी यांच्याकडे पाहिलं, हे गाडीच्या चाकाकडे बघत होते. त्या अंगणात मला एकाच वेळी हवालदारांचा राग आला आणि त्यांचं बरोबर आहे असंही वाटलं, आणि यातलं कुठलं खरं ते ठरवायला आमच्याजवळ दुसरी रीत नव्हती.

ती परत गेली. या खेपेला मलकापूरला सोडायला हवालदार एकटेच गेले. आम्हाला त्यांनी कळवलंही नाही.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा तिचा मला एक लांबलचक व्हॉइस मेसेज आला. पुन्हा मोजलं होतं. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वेळी, गोळा काढून, बसवून. बहुतेक वेळा जुळलं. मध्येच एकदा नाही जुळलं, आणि का ते कुणालाच सापडलं नाही. मग तिनं आपल्या गटापुढे उभं राहून सांगितलं की कारण सापडेपर्यंत मागंपुढं कमी झालं असं आपण म्हणू नये, उलट थोडं वाढवूनच सांगावं. बरीच वादावादी झाली. शेवटी तसं ठरलं. तिचा आवाज दमलेला होता, पण मला तो मोकळा वाटला. निदान मला वाटला. नोकरी सोडण्याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. आटपाडीच्या त्या संध्याकाळबद्दलही नव्हता.

मी तो मेसेज आमच्या यांना ऐकवला. हे म्हणाले, "एवढं करून वाढवलं?" मी म्हटलं, हो. ते मान हलवत दुकानात गेले.

थोड्या वेळानं हवालदारांचा फोन आला. तिनं त्यांनाही सांगितलं होतं.

"बाई, वाढिवलं म्हनं."

"हो भाऊ."

"कमी करायचं हुतं न्हवं?"

"हो. पण तिला जे खरं वाटलं ते तिनं सांगितलं."

"मग ह्ये चांगलं झालं का वाईट?"

मी खिडकीशी उभी होते. खाली भाजीवाला कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होता. मला चटकन चांगलंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आला होता. मग माझ्या लक्षात आलं की ते उजवा कान फोनला लावून बसले असणार आणि मी जो सूर लावीन तो त्यांना ऐकू जाणार.

"मला नीटसं सांगता येत नाही, भाऊ," मी म्हणाले.

"मलाबी न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, डाळिंबाला यंदा बहर बरा आहे, सांगलीला कुणी यायला निघालं तर पाठवून देऊ का. मी म्हटलं, पाठवा.